औषधाच्या बाटलीवरील दोन अक्षरे

घरातील फडताळात औषधाची जी बाटली अथवा गोळ्यांची पट्टी असेल ती उजेडात धरून पाहिल्यास औषधाच्या नावापुढे बहुधा ‘आय. पी.’ ही दोन अक्षरे छापलेली आढळतात. किंमत आणि मुदतीची तारीख पाहणारे पुष्कळ असतात. या अक्षरांकडे मात्र क्वचितच कोणाची दृष्टी जाते. ‘इंडियन फार्माकोपिया’ या ग्रंथाच्या नावाची ती आद्याक्षरे होत. फार्माकोपिया म्हणजे औषधिकोश. हा ग्रंथ रोग्याच्या हाती कधी पडत नाही; डॉक्टरही तो रोज उघडीत नाहीत. त्याची खरी वहिवाट कारखान्यांत व प्रयोगशाळांत. तथापि त्यातील एका ओळीवर घरातील मुलाचा जीव कसा अवलंबून असतो, हे पुढील हकिकतीवरून ध्यानात येईल.

अमुक रोगावर अमुक औषध द्यावे, असे औषधिकोश सांगत नाही. ते सांगणारे ग्रंथ निराळे, व त्यांचा विचार पुढे ओघाने येईल. अमुक नावाने विकला जाणारा पदार्थ कसा असला पाहिजे, एवढेच औषधिकोश सांगतो. प्रत्येक द्रव्यास त्यात स्वतंत्र प्रकरण असते. द्रव्याची रासायनिक घडण, त्याचे रूप, ते तेच आहे हे ओळखण्याच्या चाचण्या, त्यात परके पदार्थ किती खपवून घ्यावेत, मूळ द्रव्याचे प्रमाण कसे मोजावे आणि ते साठवावे कसे, हे सारे तेथे नेमक्या शब्दांत दिलेले असते. तापावरील पॅरासिटामॉलची गोळी सर्वांच्या परिचयाची आहे. गोळीवर जेवढे वजन छापलेले असेल त्याच्या शेकडा ९५ हून कमी नाही व १०५ हून अधिक नाही, इतके औषध तीत असलेच पाहिजे. म्हणजे ५०० मिलिग्रॅमच्या गोळीत ४७५ ते ५२५. सोनाराजवळ कसोटीचा दगड असतो, तसा औषधांच्या व्यवहारात हा ग्रंथ. मात्र दगडावर सोने घासून पाहण्याचे श्रम कोणीतरी घेतले पाहिजेत.

अशा ग्रंथांची परंपरा जुनी आहे. न्यूरेंबर्ग नगराने १५४६ मध्ये, लंडनच्या वैद्यमंडळाने १६१८ मध्ये व अमेरिकेने १८२० मध्ये आपापले कोश काढले. ब्रिटिश औषधिकोशाची पहिली आवृत्ती १८६४ ची. हिंदुस्थानातही १८४४ मध्ये बंगालचा व १८६८ मध्ये सर्व देशासाठी असे कोश झाले होते. परंतु दुकानांतून प्रतिष्ठा होती ती ‘बी. पी.’ या ब्रिटिश अक्षरांची. ती प्रतिष्ठाही बाटलीवरील कागदापुरतीच. आतील द्रव्य कागदाबरहुकूम आहे किंवा नाही हे पाहणारा कायदाच नव्हता, आणि परदेशांतून व देशातूनही निकस माल खुशाल खपत असे. तक्रारी वाढल्या तेव्हा १९३० मध्ये सरकारने कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली. कलकत्त्याच्या उष्णकटिबंधीय वैद्यक विद्यालयात औषधांच्या गुणधर्मांचे अध्यापन करणारे चोप्रा हे या शास्त्राचे येथील आद्य आचार्य. समितीचा अहवाल १९३१ मध्ये आला, कायदा झाला १९४० मध्ये, आणि स्वतंत्र भारताचा औषधिकोश १९५५ मध्ये. सरकारी चाकाची ही गती पाहून आश्चर्य वाटण्याचे कारण नाही. आज गाझियाबाद येथील आयोग हा कोश सिद्ध करतो व त्याची नववी आवृत्ती २०२२ मध्ये निघाली.

आता या ग्रंथातील एकच प्रकरण घेऊ. ते म्हणजे ग्लिसरिनाचे. ग्लिसरीन हा स्वच्छ, बिनरंगी, दाट आणि चवीस गोड असा द्रव. खोकल्याच्या औषधांत, मुलांच्या पातळ औषधांत तो सर्रास वापरतात. डायएथिलीन ग्लायकॉल नावाचा दुसरा एक द्रव आहे. तोही स्वच्छ, तोही बिनरंगी, तोही दाट आणि तोही गोड. पहिला औषधी, तर दुसरा कारखान्यातील कामाचा, स्वस्त आणि मूत्रपिंडांचा घात करणारा. डोळ्यांनी, नाकाने अथवा जिभेने या दोहोंतील भेद कळावयाचा नाही.

हा दुसरा द्रव जगाच्या कानी आला तो १९३७ मध्ये, अमेरिकेत. सल्फानिलामाइड हे जंतुनाशक औषध तेव्हा नवे होते व त्याच्या गोळ्या गुणकारी ठरल्या होत्या. पातळ औषधास मागणी आहे असे पाहून टेनेसी संस्थानातील एका कंपनीने ते या डायएथिलीन ग्लायकॉलमध्ये विरघळविले, त्यास रासबेरीचा स्वाद दिला आणि २४० गॅलन माल बाजारात धाडला. रंग पाहिला, वास पाहिला, चव पाहिली. ते पोटात गेल्यावर काय होईल हे मात्र एका उंदरावरही पाहिले नाही. १०५ माणसे दगावली. त्यांपैकी ३४ लहान मुले होती.

कायद्याने काय करता आले? जवळजवळ काहीच नाही. १९०६ च्या अमेरिकन कायद्याने औषधिकोशास प्रमाणग्रंथाचे स्थान दिले होते. कोशातील नावाने विकलेले औषध कोशाप्रमाणे नसेल तर तो गुन्हा होता. पण हे मिश्रण कोशात नव्हतेच! जे पुस्तकात नाही, त्याविषयी पुस्तकाचा नियम चालत नाही. अखेर ‘एलिक्सिर’ या नावाच्या औषधात मद्यार्क असावयास हवा, तो यात नाही, म्हणून नाव खोटे, एवढ्या लटक्या आधारावर सरकारने माल जप्त केला. निरीक्षक गावोगाव हिंडले, दुकानदारांच्या वह्या व डॉक्टरांच्या चिठ्ठ्या धुंडाळून त्यांनी बाटल्या गोळा केल्या, आणि २४० पैकी सुमारे २३४ गॅलन परत मिळविले. माणसे मारली ती उरलेल्या सहा गॅलनांनी. पुढील वर्षी, म्हणजे १९३८ मध्ये, नवा कायदा झाला. नवे औषध निर्धोक आहे हे आधी दाखवा आणि मग विका, असे त्याने सांगितले.

येथे दुसऱ्या जातीच्या ग्रंथांकडे वळणे प्राप्त आहे. औषध कसे असावे हे कोश सांगतो. ते शरीरात जाऊन काय करते हे औषधिक्रियाविज्ञानाचे ग्रंथ सांगतात. त्यांपैकी आजही जगभर मान्य असलेला ग्रंथ येल विद्यापीठातील लुईस गुडमन व आल्फ्रेड गिलमन या दोन तरुण अध्यापकांनी १९४१ मध्ये प्रसिद्ध केला. औषधाची प्रयोगशाळेतील क्रिया आणि रोग्याच्या खाटेजवळील उपयोग यांची सांगड घालावी, हा त्यांचा हेतू. त्याच वर्षी गिलमन यांस मुलगा झाला व त्याचे नाव सहलेखकाच्या आडनावावरून आल्फ्रेड गुडमन गिलमन असे ठेवले. पाठ्यपुस्तकावरून नाव मिळालेला जगातील हा एकुलता एक मनुष्य, अशी त्याच्या मित्रांत थट्टा होत असे. हाच मुलगा पुढे त्या ग्रंथाचा संपादक झाला, आणि १९९४ चे नोबेल पारितोषिकही त्यास विभागून मिळाले.

पहिल्या आवृत्तीनंतर दुसरी निघाली ती एकदम १९५५ मध्ये. या चौदा वर्षांत क्षयावरील स्ट्रेप्टोमायसीन व आयसोनायझिड आली, कॉर्टिझोन आले. सर्पगंधेपासून काढलेले रेसर्पिनही आले. मुंबईचे डॉक्टर रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबावरील सर्पगंधेच्या उपयोगाविषयीचा आपला निबंध १९४९ मध्ये एका ब्रिटिश नियतकालिकात छापला होता, आणि पाश्चात्त्य डॉक्टरांचे लक्ष या मुळीकडे वेधले ते त्यामुळेच. १९५४ साली जो डॉक्टर केवळ पहिल्या आवृत्तीवर विसंबून राहिला असेल, त्यास यांतील एकाही औषधाचा पत्ता नसणार. जुना ग्रंथ खोटा नसतो. तो गप्प असतो, आणि डॉक्टरच्या टेबलावर ते मौन धोक्याचे ठरते. आता याच ग्रंथाची चौदावी आवृत्ती निघाली आहे.

या ग्रंथांत नवे औषध येते कोणत्या वाटेने? प्रथम प्राण्यांवर प्रयोग. मग थोड्या, बहुधा निरोगी, स्वयंसेवकांवर मात्रेचा अंदाज. मग काहीशे रोग्यांवर गुणाची परीक्षा. शेवटी हजारोंवर, जुन्या औषधाशी अथवा निर्गुण गोळीशी तुलना करून. ही पायरीवार शिस्त एका दिवसात आली नाही. तिच्या इतिहासात फ्रान्सिस केल्सी या बाईंचे नाव वारंवार येते. १९३७ मध्ये त्या शिकागो विद्यापीठात विद्यार्थिनी होत्या, आणि त्या गोड विषाचा शोध घेणाऱ्या प्राध्यापक गायलिंग यांच्या प्रयोगशाळेत प्राण्यांवरील प्रयोगांत त्यांचा हात होता. १९४७ मध्ये गायलिंग आणि आपले पती यांच्यासह त्यांनी औषधिक्रियाविज्ञानाचे पाठ्यपुस्तक लिहिले. १९६० मध्ये त्या अमेरिकन सरकारच्या औषधखात्यात रुजू झाल्या, आणि पहिल्याच महिन्यात थॅलिडोमाइड नावाच्या झोपेच्या औषधाचा अर्ज त्यांच्या टेबलावर आला. युरोपात ते खुलेपणी विकले जात होते. कंपनी तगादा लावीत होती. बाई पुरावा मागत होत्या. या औषधाने मज्जातंतूंस इजा होते असे एका ब्रिटिश नियतकालिकातील पत्रात त्यांच्या वाचनात आले, तेव्हा त्यांनी विचारले की, मग गर्भावर काय परिणाम होतो? उत्तर कंपनीजवळ नव्हते. १९६१ च्या अखेरीस उत्तर आले ते जर्मनीतून: हातापायांची वाढच न झालेली मुले, सर्व जगात मिळून दहा हजारांच्या घरात. १९६२ मध्ये अमेरिकेने कायदा आणखी कडक केला व औषध केवळ निर्धोक नव्हे, गुणकारीही आहे, हे सिद्ध करण्याचा भार कंपनीवर टाकला.

इतके झाल्यावर तो गोड द्रव इतिहासजमा व्हावयास हवा होता. तो झाला नाही. १९८६ च्या आरंभी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात मेंदूतील व डोळ्यांतील दाब कमी करण्यासाठी रोग्यांस ग्लिसरीन पाजण्यात येत होते. त्यांतील काहींची मूत्रपिंडे एकाएकी बंद पडली आणि १४ जण दगावले. ग्लिसरिनात डायएथिलीन ग्लायकॉल निघाले. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या आयोगाने या प्रकरणाची चौकशी केली व खरेदीपासून सरकारी तपासणीपर्यंतच्या साऱ्या साखळीतील दोष उघड्यावर मांडले. दहा वर्षांनी, १९९५-९६ मध्ये, हैती देशात ऐंशीहून अधिक मुले अशाच ग्लिसरिनाने गेली. २००६ मध्ये पनामा देशात तेच झाले. तेथील पिंपांचा प्रवास तर चीनमधून स्पेनच्या दलालामार्फत झाला होता.

या घटनांनी ग्लिसरिनाच्या प्रकरणात जो बदल घडला तो वरवर पाहता किरकोळ वाटेल. २००९ मध्ये अमेरिकेच्या औषधिकोशाने विषारी ग्लायकॉलची चाचणी ‘ओळख’ या सदरात घातली, आणि त्याची मर्यादा शेकडा ०.१० ठेवली. एवढ्याने काय झाले? कच्चा माल आला की औषधाचा कारखाना त्याच्या शुद्धतेच्या अनेक चाचण्या स्वतः न करता विकणाऱ्याच्या दाखल्यावर विसंबू शकतो. ओळखीची चाचणी मात्र त्यास स्वतःच करावी लागते. तेथे दाखला चालत नाही. म्हणून प्रश्न ‘हे ग्लिसरीन किती शुद्ध?’ असा न राहता ‘हे ग्लिसरीन तरी आहे काय?’ असा झाला. चाचणी एका सदरातून उचलून दुसऱ्यात ठेवली, एवढेच. पण दलालांच्या साखळीतून आलेले पिंप कारखान्याच्या दारातच अडावे, अशी सोय त्यामुळे झाली.

तरीही ऑक्टोबर २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेस भारतात बनलेल्या मुलांच्या चार पातळ औषधांविषयी इशारा द्यावा लागला. आफ्रिकेतील गांबिया देशात सुमारे ७० मुले मूत्रपिंडे निकामी होऊन मेली होती, आणि संघटनेच्या तपासणीत त्या चारही औषधांत हीच ग्लायकॉले मर्यादेबाहेर आढळली. कसोटीचा दगड होता. घासून पाहणारा हात कोठेतरी थांबला होता.

गृहस्थाने घरी बसून ही चाचणी करावी, हे शक्य नाही. मात्र पातळ औषध, विशेषतः मुलासाठी, घेताना दुकानदाराकडून पक्की पावती मागून घेणे त्याच्या हाती आहे. पावतीवर ‘बॅच नंबर’ या नावाने एक आकडा असतो. बाटलीवरही तोच असतो, व दोन्ही जुळतात किंवा नाही हे जागच्या जागी पाहता येते. एखाद्या औषधाविषयी सरकारी इशारा निघतो तो बहुधा या आकड्यासह निघतो. तेव्हा औषध संपेपर्यंत पावती टाकू नये आणि बाटलीवरील कागद ओला होऊन पुसू देऊ नये. १९३७ मध्ये निरीक्षकांना उरलेल्या बाटल्या सापडल्या त्या अशाच चिठ्ठ्याचपाट्यांवरून.