असिताचे अश्रू आणि अनागत काळ

आपल्या पश्चात जग कसे असेल, मानवजात कोठवर पोहोचेल, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे ही इच्छा माणसाला नवी नाही. 1967 साली अमेरिकेत जेम्स बेडफर्ड या प्राध्यापकाचा देह, विज्ञान पुढे कधीतरी त्याला पुन्हा जिवंत करील या आशेने, मृत्यूनंतर गोठवून ठेवण्यात आला. दूरचा काळ पाहण्यासाठी जगण्याची ही इच्छा धम्माच्या दृष्टीने केवळ तृष्णाच होय काय? या प्रश्नाचा विचार करताना सुत्तनिपातातील नालकसुत्त मार्गदर्शक ठरते.

वृद्ध असित ऋषी शुद्धोदनाच्या घरी येतो. नवजात बालकाला हाती घेऊन तो हर्षित होतो आणि लगेच त्याचे डोळे भरून येतात. बालकावर काही संकट आहे की काय, या शंकेने शाक्य भयभीत होतात. असित त्यांना सांगतो की, बालकाला कसलेही भय नाही. तो संबोधी प्राप्त करून बहुजनांच्या हितासाठी धम्मचक्र प्रवर्तित करील. परंतु आपले आयुष्य थोडेच उरल्यामुळे तो धम्म आपल्याला ऐकावयास मिळणार नाही.

असिताचे हे दुःख देहाच्या लोभातून आलेले नाही. कल्याणकारी धम्माला आपण मुकणार, याचे ते दुःख आहे. म्हणूनच सुत्त त्या अश्रूंचा धिक्कार करीत नाही. परंतु ते असिताला दीर्घायुष्य देत नाही, की पुढील जन्माचे आश्वासनही देत नाही. असित करतो ते एवढेच : आपल्या भाच्याला, नालकाला, तो येणाऱ्या बुद्धाची वार्ता सांगतो. नालक इंद्रियसंयम पाळून वाट पाहतो आणि धम्मचक्रप्रवर्तनानंतर तथागतांपाशी जाऊन मुनित्वाविषयी प्रश्न विचारतो. बाबासाहेबांच्या ग्रंथात हा भाचा नरदत्त या नावाने येतो. मामाला जे ऐकता आले नाही, ते भाच्याने ऐकले.

केवळ आयुष्य वाढल्याने प्रश्न सुटत नाही, हे दीघनिकायातील चक्कवत्तिसीहनाद सुत्त दाखवून देते. राजाने निर्धनांना धन दिले नाही, म्हणून दारिद्र्य वाढले. दारिद्र्यातून चोरी, चोरीतून शस्त्र, शस्त्रातून हत्या आणि पुढे असत्य अशी परंपरा सुरू झाली. माणसाचे आयुष्य 80,000 वर्षांवरून घटत 10 वर्षांवर आले. मग काही माणसांनी हत्या न करण्याचा निश्चय केला आणि ते पुन्हा वाढू लागले. हे आकडे शब्दशः घेण्याचे नाहीत. महत्त्वाची आहे ती कारणपरंपरा. भविष्यकाळ हा दूर उभे राहून पाहण्याचा देखावा नव्हे. समाज आज दरिद्री माणसाशी कसा वागतो, यावर तो घडतो किंवा बिघडतो.

सम्राट अशोकाला हे मर्म उमगले होते. बैराटजवळ सापडलेल्या भाब्रू शिलालेखात तो स्वतःसाठी दीर्घायुष्य मागत नाही. सद्धम्म चिरस्थायी व्हावा, एवढीच त्याची इच्छा आहे. त्यासाठी भिक्खू-भिक्खुणींनी व उपासक-उपासिकांनी सतत ऐकावेत असे 7 धम्मपर्याय तो सुचवितो. त्यांपैकी एक ‘अनागतभयानि’, म्हणजे येणाऱ्या काळातील भये, हा आहे. आणि दुसरा ‘मोनेयसूते’ म्हणजे हेच नालकसुत्त होय, असे धर्मानंद कोसंबी यांच्यासह अनेक अभ्यासकांचे मत आहे.

बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूर येथे धम्मदीक्षा घेतली व लाखो अनुयायांना दिली. अवघ्या 53 दिवसांनी, 6 डिसेंबर रोजी, त्यांचे महापरिनिर्वाण झाले. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा ग्रंथ 1957 साली प्रकाशित झाला. तो छापील रूपात पाहणे त्यांच्या वाट्याला आले नाही. परंतु तो आपल्या हाती पडेल, अशी तजवीज ते करून गेले.

त्या दिवशी दीक्षाभूमीवर उपस्थित असलेली पिढी आता विरळ होत आहे. ‘पुढे या धम्माचे काय होईल, हे पाहायला मी असायला हवे होते,’ असे एखादी वृद्ध उपासिका म्हणते, तेव्हा तिला तृष्णेचा उपदेश करणे योग्य नव्हे. तिच्याजवळ बसून तिने पाहिलेले, ऐकलेले घरातील मुलांपर्यंत पोहोचविणे, हे आपले कर्तव्य आहे. अनागत काळ पाहण्याची इच्छा कोणाचीच पूर्ण होत नाही. तो काळ ज्यांना पाहावयाचा आहे, त्यांच्या हाती धम्म सोपविणे मात्र आपल्याला शक्य आहे. आपल्या घरातील नालक कोण, हे प्रत्येक उपासकाने स्वतःला विचारावे.