कवटीत गुन्हा सापडतो का?

काही वर्षांपूर्वी आमच्या प्रयोगशाळेतील एक स्टॉपवॉच नाहीसे झाले. लंबकाचा प्रयोग चालू होता, वीसएक विद्यार्थी होते. पण संशय लगेच एकावरच गेला. तो पारधी वस्तीतून येत असे. त्याची पिशवी उघडून पाहण्यात आली. तीत वही आणि डबा. ‘यांच्या रक्तातच असतं ते,’ असे कोणीतरी म्हणाले. मी तेथेच उभा होतो आणि गप्प राहिलो. तिसऱ्या दिवशी घड्याळ टेबलाच्या खणात, अगदी मागे सरकलेले सापडले.

गुन्हा खरोखरच शरीरात असतो का, हा प्रश्न शास्त्रज्ञांनीही विचारलेला आहे. सेझारे लोम्ब्रोसो हा इटालियन डॉक्टर. चोरीची शिक्षा झालेल्या विलेल्ला नावाच्या माणसाची कवटी तपासताना त्याला तिच्या मागील भागात, आतल्या बाजूस, एक खळगा दिसला. असा खळगा खालच्या प्राण्यांत आढळतो, तेव्हा गुन्हेगार म्हणजे उत्क्रांतीच्या वाटेवर मागे राहिलेला माणूस, असे त्याने ठरविले. १८७६ साली त्याचे पुस्तक निघाले. मोठा जबडा, बाहेर आलेले कान, मागे उतरते कपाळ, लांब हात ही जन्मजात गुन्हेगाराची लक्षणे! (लोम्ब्रोसोचा स्वतःचा सांगाडाही आज तूरिनच्या संग्रहालयात आहे, तशी त्याचीच इच्छा होती.)

विद्यार्थी मित्रांनो, येथे जरा थांबा. तुरुंगातल्या शंभर माणसांत वीस जणांचे कान बाहेर आलेले दिसले, तर त्यावरून काय सिद्ध होते? काहीच नाही. तुरुंगाबाहेरच्या शंभर जणांत असे किती, ते आधी मोजायला हवे. लोम्ब्रोसोने थोडी तुलना केली होती, पण ती फार तोकडी होती.

हे काम नेटाने केले ते चार्ल्स गोरिंग या इंग्रज तुरुंग-डॉक्टरने. सुमारे ३००० कैद्यांची मापे घेण्यात आली. ती ऑक्सफर्ड-केंब्रिजचे विद्यार्थी, सैनिक आणि रुग्णालयातील रोगी यांच्या मापांशी ताडून पाहिली गेली. आकडेमोडीसाठी कार्ल पिअर्सन यांच्या प्रयोगशाळेची मदत होती. १९१३ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला: गुन्हेगाराचा असा वेगळा शरीराकार नाही. गोरिंगचे म्हणणे मोठे गमतीचे आहे. डोक्याच्या मापावरून विद्यार्थी इंग्लंडच्या विद्यापीठातला की स्कॉटलंडच्या, हे एक वेळ ओळखता येईल. पण तो पुढे प्राध्यापक होणार की कैदी, हे तितकेही सांगता येणार नाही! कैदी किंचित बुटके आणि हलके भरले, एवढेच. मात्र गोरिंगही पुरता सुटला नाही. उपजत मंदबुद्धी हे कारण त्याने धरूनच ठेवले.

आपल्या देशात तर कवटी मोजण्याचीही गरज कोणाला वाटली नाही. सुताराचा मुलगा सुतार, तसा चोराचा मुलगा चोर, अशा समजुतीवर ब्रिटिश सरकारने १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला. पुढे तो मुंबई इलाख्यातही आला. पारधी, कैकाडी, कंजारभाट अशा जमातींत जन्मणे हाच पुरावा ठरला. सोलापुरास तारेच्या कुंपणातली ‘सेटलमेंट’ होती. १९५२ साली हा कायदा देशभर रद्द झाला. आमच्या प्रयोगशाळेतील ते वाक्य कोठून आले, ते यावरून ध्यानात येईल.

मग कारण कोठे शोधावे? शिकागो शहरात क्लिफर्ड शॉ आणि हेन्री मके यांनी न्यायालयात आणलेल्या मुलांची घरे नकाशावर टिंबांनी दाखविली. शहराच्या मध्याजवळ, कारखान्यांलगतच्या मोडकळीस आलेल्या वस्त्यांत टिंबांची गर्दी झाली. विसाव्या शतकाच्या पहिल्या तीन दशकांत तेथील माणसे बदलली. आधी जर्मन व आयरिश होते, मग पोलिश आणि इटालियन आले. टिंबे मात्र तेथेच राहिली. जी कुटुंबे बाहेर चांगल्या भागात गेली, त्यांच्या मुलांतले प्रमाण उतरले. एक राशी बदलून दुसरी स्थिर ठेवण्याचा आपला प्रयोग येथे शहरानेच करून दाखविला होता.

तरीही एक शंका उरते, आणि ती उपकरणाबद्दलची आहे. टिंब पडते ते पकडलेल्या मुलाचे. पुढे संशोधकांनी नाव न विचारता शाळेतल्या मुलांकडून प्रश्नावल्या भरून घेतल्या, तेव्हा सुखवस्तू घरांतल्या, कधीच न पकडल्या गेलेल्या पुष्कळ मुलांनीही लहानसहान चोऱ्या कबूल केल्या. आमच्या प्रयोगशाळेत त्या दिवशी वीस पिशव्या होत्या, उघडली गेली ती एकच.