वृक्षातळीचे पाहुणे

नाताळच्या पर्वात गोठ्यातील बाळ येशूची चित्रे सर्वत्र दृष्टीस पडतात. आज आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत, ते चित्र मात्र अब्राहामाचे आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानातील येशूची वंशावळ याच पूर्वजापासून आरंभ होते.

कथा बायबलमधील उत्पत्तीच्या पुस्तकातील. भर दुपारी तंबूच्या दाराशी बसलेल्या अब्राहामाला तीन अनोळखी पुरुष दिसले. तो धावत सामोरा गेला, पाय धुण्यास पाणी दिले, झाडाखाली बसविले, भोजन वाढले आणि स्वतः सेवेस उभा राहिला. त्या रूपाने परमेश्वरच दारी आला होता. वृद्ध सारेला पुत्र होईल, हे वचन तेथेच मिळाले.

हॉलंडचा थोर चित्रकार रेंब्रांट याने १६५६ साली हा प्रसंग ताम्रपटावर कोरला. त्यातील पाहुणे मेजाभोवती नव्हे, भुईवर बसले आहेत. ही बैठक त्याला लाभली, ती हिंदुस्थानातून! झाडाखाली बसलेल्या चार वृद्ध सत्पुरुषांचे एक मोगल चित्र त्याच्या पाहण्यात आले होते. लेखणीने, तपकिरी शाईत त्याने आशियाई कागदावर केलेली त्याची प्रतिकृती लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. मोगल चित्रांवरून त्याने केलेली अशी वीसहून अधिक रेखाटने आज उपलब्ध आहेत. रेंब्रांट हिंदुस्थानात कधीच आला नाही. परंतु सुरतेस आणि आपल्या वेंगुर्ल्यासही तेव्हा डचांच्या वखारी होत्या. त्या व्यापाराच्या ओघात इकडची चित्रेही तिकडे पोहोचत.

त्याच १६५६ साली रेंब्रांटचे दिवाळे निघाले, घरातील चीजवस्तूंची यादी झाली. स्वतःचे घर हातचे जात असता त्याने यजमानाचे चित्र काढावे, हे आम्हांस विलक्षण वाटते.

बारामती-इंदापूरकरांस हे चित्र परके वाटू नये. तुकोबांची पालखी या दोन्ही गावांतून पंढरीस जाते. तेव्हा झाडांच्या सावलीत वारकऱ्यांच्या पंगती बसतात आणि वाढणारा जेवणाऱ्यात विठ्ठल पाहतो. जात, गाव कोणी विचारीत नाही. अब्राहामानेही काही विचारले नव्हते.

बेथलेहेमात मरियेला उतारशाळेत जागा मिळाली नाही, हे आज सर्वांस स्मरेल. त्याच वेळी, दारी आलेल्यास आधी पाणी देणाऱ्या या वृद्ध यजमानाचेही स्मरण व्हावे, एवढीच आमची इच्छा.